दिवाणखान्यातील वेधशाळा

पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरापासून नळाला दिवसाआड पाणी येते, पण ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी येणार हे निदान ठरलेले असते. विजेचा मीटर जिन्याखाली टांगलेला असतो, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची हे या पट्ट्यातील शाळकरी मुलालाही पाठ असते. घरात बाहेरून येणारी तिसरी गोष्ट म्हणजे इंटरनेट. तिच्याबाबत मात्र ग्राहकाच्या हाती ना मीटर, ना वेळापत्रक, ना कसला दाखला. रात्री नऊ वाजता चित्र अडकले, किंवा मुलाची परीक्षा चालू असताना पान उघडेनासे झाले, की गृहस्थ फोन उचलतो आणि “नेट स्लो आहे” एवढेच सांगू शकतो. पलीकडचा मनुष्य “आमच्याकडून सगळं ओके दिसतंय, राउटर एकदा बंद करून चालू करा” असे सांगून मोकळा होतो. फिर्यादी आहे, प्रतिवादी आहे, पण साक्षीपुरावा दोघांपैकी कोणाकडेच नाही, अशा स्थितीत हा दावा घरोघरी वर्षानुवर्षे पडून आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराचे प्रकरण याहून निकडीचे असते. माल तयार आहे, टेम्पो दारात उभा आहे, चाकणच्या मोठ्या कारखान्यात तो ठरल्या वेळी पोहोचला नाही तर तेथील जुळणीची रांग खोळंबायची आहे. पण ठरावीक किमतीवरील मालासाठी 2018 पासून ई-वे बिल हाती असल्यावाचून गाडी हलवता येत नाही, आणि नेमके तेच पान उघडत नाही. दोष खांबावरून लोंबत आलेल्या तारेत आहे, की ती तार ज्याची आहे त्या स्थानिक केबलवाल्याच्या यंत्रात, की पुणे-मुंबई दरम्यानच्या जोडणीत, की संकेतस्थळाचे नाव सांगितल्यावर त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत, की सरकारी यंत्रणाच त्या घटकेला दबून गेली आहे? संशयित पाच, आणि त्यांतील प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणारा. वेग मोजून देणारे जे ॲप आपण अशा वेळी घाईने उघडतो ते बहुधा कंपनीच्याच जाळ्यातील, अगदी जवळच्या यंत्राशी वेग मोजून शंभराचा आकडा दाखवते. तो आकडा खोटा नसतो, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नसते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक मार्ग जगातील काही हजार सामान्य माणसांनी गेली दीड दशके चोखाळला आहे, आणि तो इतका साधा आहे की त्याची फारशी वाच्यता झालेली नाही. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक यंत्र आपल्या राउटरला तारेने जोडायचे, मोबाइलच्या चार्जरसारख्या जोडणीतून त्याला वीज द्यायची आणि त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम येथे 1992 पासून काम करणारी राइप एनसीसी नावाची एक बिननफ्याची संस्था आहे. युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाचा काही भाग एवढ्या मुलुखात इंटरनेटचे पत्ते वाटून देणे आणि त्यांचे दप्तर सांभाळणे हे तिचे मूळचे काम. आपल्या बाजूला तेच काम ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनची एपनिक ही संस्था करते. या राइपने 2010 साली ‘राइप ॲटलस’ नावाचा उपक्रम सुरू केला, अशी छोटी यंत्रे बनवून घेतली आणि जो कोणी आपल्या घरी ठेवायला तयार असेल त्याला ती मोफत द्यायला आरंभ केला. या यंत्राला प्रोब म्हणतात. आज दीडशेहून अधिक देशांत मिळून बारा हजारांच्या वर प्रोब जिवंत आहेत, आणि त्यांनी मोजलेले बहुतेक सर्व काही कोणालाही विनामूल्य पाहता येते.

पुण्याच्या माणसाला ही कल्पना नवखी वाटण्याचे कारण नाही. 1928 साली हवामानखात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले, शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते, आणि त्या खात्याचा पावसाचा हिशेब ज्या पायावर उभा राहिला तो पाया होता तालुक्याच्या कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक. रोज सकाळी भांड्यातील पाणी मोजून आकडा वहीत चढवणाऱ्या कारकुनाला मोसमी वाऱ्यांचे शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती. भांडे उघड्यावर असावे, झाडाखाली नसावे आणि आकडा रोज लिहिला जावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. त्या एकट्या आकड्याची किंमत शून्याच्या जवळपास. पण शेकडो तालुक्यांचे आकडे एका टेबलावर आले की पाऊस कोठे पडला आणि कोठे हुलकावणी देऊन गेला हे दिसू लागे. प्रोब ठेवणाऱ्याचे काम त्या कारकुनाहूनही हलके, कारण येथे वहीसुद्धा यंत्रच लिहिते.

ते लिहिते तरी काय, हे मात्र जरा तपशिलाने पाहण्याजोगे आहे. प्रोबच्या मोजणीचा पाया म्हणजे ‘पिंग’. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 1983 च्या डिसेंबरात हा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या शोधासाठी पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो हे पाहण्याचे जे तंत्र आहे, त्यावरून त्याला ते सुचले. दूरच्या यंत्राकडे माहितीचे एक चिमुकले पाकीट पाठवायचे, त्याने ते तसेच परत धाडायचे, आणि जाऊन येण्याला किती सहस्रांश सेकंद लागले ते टिपायचे. यानंतर काही वर्षांतच व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ लिहिला, आणि त्यात एक मोठी चतुर युक्ती आहे. इंटरनेटवरील प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, आणि वाटेतील प्रत्येक यंत्र पाकीट पुढे देताना त्यातून एक वजा करते. आकडा शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते आणि ज्याच्या हद्दीत ते निकालात निघाले तो यंत्रराव पाठवणाऱ्याला तसे कळवतो, म्हणजे अनायासे आपला पत्ता सांगून बसतो. मूळ हेतू एवढाच की चुकीच्या वाटेला लागलेली पाकिटे अनंत काळ फिरत राहू नयेत. जेकबसन यांनी मुद्दाम एकचा आकडा घालून पाकीट पाठवले, मग दोनचा, मग तीनचा, आणि अशा रीतीने वाटेतील एकेका नाक्याकडून त्याची जबानी काढून घेतली.

चिंचवडच्या एखाद्या घरातून असा माग काढला की पडद्यावर ओळीखाली ओळ उमटत जाते. पहिली ओळ बहुधा 192.168.1.1 अशी, हा आपलाच राउटर, टीव्हीच्या वर फळीवर ठेवलेला, आणि येथवर जाऊन येण्यास एक सहस्रांशही लागत नाही. दुसरी ओळ पुष्कळदा 100.64 ने सुरू होणारी. हा पत्ता पाहिला की ओळखावे की कंपनीने आपल्याला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेला नाही. आपल्यासारखी अनेक घरे मिळून एकाच पत्त्याआड बाहेरच्या जगाला दिसतात, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरातच संपत आले आहेत. नंतरच्या एकदोन ओळी कंपनीच्या शहरातील यंत्रांच्या. मग आकडा एकदम चार-पाच सहस्रांशांवर जातो: पाकीट घाट उतरून मुंबईस पोहोचले. त्यापुढची ओळ पाकीट कोठे जायचे आहे त्यावर ठरते. युरोपकडे निघाले असेल तर पुढच्या एका ओळीत आकडा शंभराच्या पलीकडे उडी घेतो, आणि ती उडी म्हणजे अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र. मध्येच एखाद्या ओळीत आकड्याच्या जागी नुसत्या तीन तारका दिसतात. नवखा मनुष्य तेथेच घोटाळतो आणि तार याच जागी तुटली असे कंपनीला ठासून सांगतो. वस्तुतः तारकांच्या खालच्या ओळीत उत्तर आले असेल तर मधले यंत्र केवळ अबोल आहे, पाकिटे ते व्यवस्थित पुढे देत आहे. जबानी न देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे.

या आकड्यांना अर्थ येतो तो प्रकाशाच्या वेगामुळे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक सहस्रांश सेकंद. चिंचवडहून मुंबई दीडशे किलोमीटर धरली तर दीड सहस्रांशात काम व्हावे. तार सरळ जात नाही, वाटेत यंत्रे आहेत, म्हणून चार-पाच लागले तर तक्रार करू नये. पण ज्या यंत्राचा मुक्काम निश्चितपणे मुंबईस आहे त्याच्याकडून उत्तर यायला साठ-सत्तर सहस्रांश लागू लागले, तर एक तर कोठेतरी गर्दी तुंबली आहे, किंवा पाकीट चेन्नई-सिंगापूरची प्रदक्षिणा घालून आले आहे. ही दुसरी शक्यता अतिशयोक्तीची वाटेल, परंतु तीच टाळण्यासाठी 2003 साली भारतात निक्सी ही माहिती-विनिमयाची संस्था स्थापन करावी लागली. तोवर दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधील माहिती कित्येकदा परदेशात जाऊन परत येई, आणि त्या प्रवासाचे भाडे डॉलरांत मोजले जाई. आता मुंबईत निक्सीखेरीज खासगी विनिमयकेंद्रेही आहेत आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे; पण एका कंपनीने दुसरीशी कोणत्या शहरात हस्तांतर करायचे हा अजूनही त्या दोघींच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. निगडीच्या एकाच मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे नेट घेतलेल्या दोन शेजाऱ्यांतील पाकीट मुंबईस जाऊन येते, आणि क्वचित त्याच्याही पलीकडे. ते कोठवर जाते हे दोघांच्याही घरी प्रोब असल्यावाचून बाहेरच्या कोणाला सिद्ध करता येत नाही.

प्रोबला काही कामे नेमूनच दिलेली असतात. इंटरनेटवरील नावांची जी उतरंड आहे तिच्या मुळाशी ए पासून एम पर्यंतच्या तेरा अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या नामसेवा आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक प्रोब दर काही मिनिटांनी पिंग आणि दर अर्ध्या तासाने ट्रेसरूट धाडत राहतो. अक्षरे तेरा असली तरी त्यांच्या प्रतिकृती जगभर शेकड्यांनी आहेत. 2005 साली त्यांतील तीन, म्हणजे एफ, आय आणि के यांच्या प्रतिकृती अनुक्रमे चेन्नई, मुंबई व दिल्ली येथे भारतात बसवण्यात आल्या. असे असूनही एखाद्या घरातील प्रश्न मुंबईची प्रतिकृती सोडून दूर युरोपातील प्रतिकृतीकडे जाताना दिसतो, कारण कोणती प्रतिकृती जवळची हे भूगोल ठरवत नाही, कंपन्यांचे आपसांतील करार ठरवतात. या नेमून दिलेल्या कामांशिवाय जगातील कोणी संशोधक वा तंत्रज्ञ “भारतातील दहा प्रोबांवरून अमुक संकेतस्थळ किती लांब आहे” असा हुकूम सोडू शकतो, आणि त्यात आपल्या फळीवरच्या यंत्राचा नंबर लागू शकतो.

अशा सामूहिक नोंदींनी काय साधते त्याची एकदोन उदाहरणे द्यायला हवीत. 2014 च्या मार्चमध्ये तुर्कस्तान सरकारने ट्विटर बंद केले. नावाचा अंकी पत्ता शोधून देणारा गूगलचा नामशोधक वापरला की बंदी टळते हे कळताच लोकांनी त्याचा 8.8.8.8 हा पत्ता भिंतींवरसुद्धा रंगवला. थोड्याच दिवसांत तेथील कंपन्यांनी त्या पत्त्याचे सोंग घेतलेली स्वतःची यंत्रे मधे उभी केली, जेणेकरून प्रश्न गूगलला विचारला जावा आणि उत्तर कंपनीने द्यावे. ही तोतयेगिरी तुर्कस्तानातील घरांत बसलेल्या प्रोबांच्या उत्तरांतून उघड झाली. 2024 च्या नोव्हेंबरात बाल्टिक समुद्राखालील दोन केबली एका दिवसाच्या अंतराने तुटल्या आणि युरोपभर घबराट उडाली; तेव्हा ॲटलसच्या नोंदींवरून असे दिसून आले की काही वाटा लांबल्या, काही आकडे चढले, पण हरवलेल्या पाकिटांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. राजकारण्यांच्या निवेदनांपेक्षा हा निष्कर्ष थंड होता आणि म्हणूनच उपयोगाचा होता.

आपल्या दृष्टीने याहून जवळची घटना म्हणजे 2025 च्या सप्टेंबरातील. तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ सी-मी-वी 4 आणि आयमेवे या दोन केबलींना इजा झाली. या दोन्ही मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि पुणे-चाकणहून जर्मनीकडे जाणाऱ्या पाकिटाला ज्या थोड्या वाटा आहेत त्यांत त्यांची गणना होते. पश्चिम आशियातून जाणाऱ्या वाहतुकीला विलंब होईल असे मायक्रोसॉफ्टला जाहीर करावे लागले. ज्यांच्या मुख्य कचेऱ्या वोल्फ्सबुर्ग किंवा श्टुटगार्टला आहेत अशा कारखान्यांच्या चाकणमधील अभियंत्याला सकाळच्या बैठकीत आवाज तुटक येऊ लागतो तो अशा दिवसांत, आणि सोसायटीचा केबलवाला त्याबद्दल विनाकारण शिव्या खातो. 30 जानेवारी 2008 रोजी अलेक्झांड्रियाजवळ अशाच दोन केबली तुटून भारताची परदेशी जोडणी मोठ्या प्रमाणात कोलमडली होती; त्या वेळी ॲटलस अस्तित्वात नव्हता, आणि सामान्य ग्राहकाला वर्तमानपत्रातील बातमीवर समाधान मानावे लागले.

आता मुख्य अडचणीकडे यावे. ॲटलसचे प्रोब बहुसंख्येने युरोपात आहेत. जर्मनीसारख्या देशात त्यांची इतकी दाटी आहे की तेथे आणखी एक ठेवल्याने ज्ञानात तीळभर भर पडत नाही, आणि भारतात, जेथे इंटरनेट वापरणारे कोट्यवधी आहेत, ते लोकसंख्येच्या मानाने फारच विरळ. त्यांतीलही पुष्कळसे महानगरांतील माहितीकेंद्रांत. माहितीकेंद्रातून इंटरनेट पाहणे म्हणजे द्रुतगती महामार्गावर उभे राहून चाकण चौकातील वाहतुकीचे अनुमान करणे. तळवडे, मोशी, कुरुळी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे या भागांत घरापर्यंतचा शेवटचा पल्ला कोण चालवतो? मोठ्या दूरसंचार कंपन्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला जुन्या केबल टीव्हीच्या धंद्यातून वर आलेले स्थानिक व्यावसायिक आहेत. ज्या जाळ्याचा कारभार स्वतंत्र त्याला जगात एक स्वतंत्र क्रमांक असतो. बीएसएनएलचा 9829, जिओचा 55836. बहुतेक लहान व्यावसायिक दुसऱ्याकडून घाऊक घेऊन किरकोळ विकणारे. पण काहींनी स्वतःचा क्रमांकही घेतलेला असतो. ज्या क्रमांकात एकही प्रोब नाही ते जाळे आतून कसे चालते हे बाहेरच्या जगाला केवळ तर्काने जाणावे लागते. म्हणूनच राइप यंत्र देताना अर्जदाराचे नाव-गाव पाहण्याआधी त्याचे जाळे कोणते हे पाहते, आणि पुण्यातील दहाव्या जिओ ग्राहकापेक्षा अनोळखी क्रमांकाच्या जाळ्यातील पहिल्या अर्जदाराचे पारडे जड असते.

मोठ्या कारखान्यांकडून या कामात अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे खास भाड्याच्या जोडण्या असतात, आणि परके यंत्र आतील जाळ्याला लावायचे म्हटले की सुरक्षा विभाग, लेखापरीक्षक आणि परदेशातील मुख्य कचेरी यांची मंजुरी मिळेतो प्रोब कालबाह्य व्हायचा. या पट्ट्याचे खरे मोजमाप घरांतून, लहान वर्कशॉपांतून आणि रात्रपाळीचे कामगार जेथे चार जणांत एक वायफाय वापरून गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात त्या भाड्याच्या खोल्यांतूनच व्हायला हवे.

यंत्र सांभाळण्यात कौशल्य नसले तरी चिकाटी लागते. तिसऱ्या पिढीचा प्रोब हा वास्तविक बाजारात मिळणारा टीपी-लिंकचा एक छोटा राउटर, ज्यात राइपने आपला प्रोग्राम भरून बाजूला एक पेन ड्राइव्ह खोचलेला असे. तो पेन ड्राइव्ह वारंवार रुसे, आणि मग तो काढून, प्रोब नुसता चालू करून, थोड्या वेळाने पुन्हा खोचणे हा ठेवणाऱ्यांमधील सर्वमान्य घरगुती उपाय होता. नंतरच्या पिढ्यांत हे दुखणे राहिले नाही. दुसरी गोष्ट विजेची. प्रोब, राउटर आणि फायबरची तार जिच्यात शिरते ती डबी, या तिन्हींना एकाच लहान यूपीएसवर बसवले नाही तर गुरुवारची वीज गेली की नोंदीत खिंडार पडते. अर्थात खिंडारही काही तरी सांगते: प्रोब केव्हा जोडलेला होता आणि केव्हा नव्हता याचा रोजनामा राइपकडे राहतो, आणि तो महिनाभराचा समोर मांडला की दर आठवड्याला त्याच वारी पडलेली फट महावितरणची, मधूनमधून कोणत्याही वारी पडणारी काही तासांची फट जेसीबीची, आणि रोज संध्याकाळी जोडणी शाबूत असतानाही चढत जाणारा आकडा हा क्षमतेपेक्षा अधिक ग्राहक घेतलेल्या व्यावसायिकाचा, असे तीन हस्ताक्षरांसारखे तीन निरनिराळे नमुने ओळखू येतात. रस्ता खोदला गेला की डबीवरचा जोडणी तुटल्याची खूण देणारा ‘एलओएस’चा दिवा तांबडा होतो, मग दुपारी खांबाखाली एक पोरगा स्टुलावर बसून केसाएवढे काचेचे तंतू वितळवून जोडत असतो, आणि त्याच्या मागे दोन सोसायट्यांचे अध्यक्ष घड्याळ पाहत उभे असतात. हे दृश्य या शहरात नवे नाही.

परके यंत्र घरात घ्यावे काय, अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांना येते, आणि ती रास्त आहे. प्रोब आपल्या घरातील वाहतूक ऐकत नाही. कोण काय पाहतो, कोणाशी बोलतो हे त्याला कळण्याची सोय त्याच्या बनावटीतच ठेवलेली नाही, तो केवळ स्वतः पाठवलेल्या पाकिटांचा हिशेब ठेवतो. बाहेरून कोणी त्याच्यात शिरू शकत नाही, कारण तो स्वतःच राइपच्या नियंत्रकाकडे गुप्त-सांकेतिक जोडणी काढतो आणि तिच्यावरून हुकूम घेतो, याचमुळे 100.64 च्या आडोशाला असलेल्या घरातही तो बिनतक्रार चालतो. नकाशावर त्याचे ठिकाण मुद्दाम सुमारे एक किलोमीटरपर्यंत सरकवून दाखवले जाते. कोणत्याही संकेतस्थळाचे पान उघडून पाहण्याचे काम त्याच्याकडून करवून घेता येत नाही, कारण एखाद्या देशात निषिद्ध पान एखाद्या निरपराध गृहस्थाच्या पत्त्यावरून मागवले जाऊन त्याच्यामागे चौकशी लागू नये, हा विचार योजकांनी आधीच केला. मात्र नावाचा पत्ता विचारण्याचे प्रश्न परक्याच्या हुकुमावरून आपल्या घरातून जातात, आणि आपला सार्वजनिक पत्ता लोकांना दिसू शकतो. हे ज्याला पटत नाही त्याने प्रोब घेऊ नये, यात कमीपणा काही नाही. मासिक डेटाची मर्यादा असलेल्या मोबाइल जोडणीवरही तो लावू नये. घरच्या फायबरवर त्याचा बोजा जाणवत नाही.

मोबदला पैशांत मिळत नाही. प्रोब जोडलेला असेल त्या प्रत्येक मिनिटाला ठेवणाऱ्याच्या खाती 15 क्रेडिट जमा होतात, म्हणजे अखंड दिवसाला 21,600. आणि हे जमाधन खर्च करून तो जगातील कोणत्याही प्रोबांकडून आपल्या मर्जीची मोजणी करवून घेऊ शकतो, किंवा दुसऱ्या कोणाच्या खाती वर्ग करू शकतो. माझ्या परिचयातील बहुतेकांची खाती फुगलेली आहेत आणि खर्चाला विषय नाही, हे मला या उपक्रमाचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. भोसरीच्या कारखानदाराने ई-वे बिलाच्या पानाची दुपारभराची मोजणी आपल्या प्रोबवरून आणि त्याच वेळी नाशिक, नागपूर, बंगळूर येथील प्रोबांवरून लावली, तर चारही ठिकाणी उत्तर थांबले असता दोष पलीकडचा आणि फक्त भोसरीत थांबले असता अलीकडचा, एवढा निवाडा त्याला घरबसल्या करता येईल. सरकारी यंत्रे पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून अशा वेळी सुरक्षित जोडणीची हातमिळवणी पुरी होते की नाही हे पाहणारी दुसरी मोजणी निवडावी लागते. ती सोयही आहे.

असा पुरावा घेऊन कंपनीकडे गेल्यावर काय होते? मी एकदा रात्रीच्या आकड्यांचा आलेख जोडून लेखी तक्रार केली होती. पहिले उत्तर ठरलेलेच आले, राउटर बंद करून चालू करा. दुसऱ्या पत्रात मी मुंबईकडे जाणारी कोणती ओळ कोणत्या वेळी चढते एवढेच लिहिले, विशेषणे वगळली, आणि त्यावर मात्र फोन आला तो ग्राहकसेवेचा नसून जाळे सांभाळणाऱ्या एका तरुण अभियंत्याचा. त्याने दोन प्रश्न विचारले, आलेखाचा दुवा मागून घेतला, आणि आठवड्याभरात रात्रीचा चढ उतरला. तो माझ्या पत्रामुळे उतरला की आधीच मागवलेली जास्तीची क्षमता त्याच सुमारास येऊन पडली, हे त्या अभियंत्याने सांगितले नाही.

यंत्र मिळाले नाही, किंवा आपल्या जाळ्यात आधीच कोणी प्रोब ठेवलेला असल्यामुळे अर्ज नाकारला गेला, तरी वाट बंद होत नाही. 2020 पासून राइप तोच प्रोग्राम नुसता उतरवून घ्यायला देते आणि तो रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर किंवा कोपऱ्यात पडलेल्या जुन्या लिनक्स यंत्रावर चालतो. वर्कशॉपात हिशेबाचा संगणक बदलल्यावर जुना बहुधा भंगारवाल्याची वाट पाहत धूळ खात असतो. त्यावर हे बसवायला एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलाला एक दुपार पुरते. वायफायऐवजी तार वापरावी, कारण वायफायचा स्वतःचा लहरीपणा सगळ्या मोजमापात मिसळतो, आणि घर बदलले किंवा कंपनी बदलली तर राइपच्या खात्यात पत्ता दुरुस्त करावा, नाहीतर चिखलीचे आकडे वर्षभर आकुर्डीच्या नावावर जमा होत राहतात.